आपलीच माहिती, कुरिअरने परत

नव्या औषधांच्या चाचण्या जिथे चालतात अशा कोणत्याही मोठ्या रुग्णालयात संशोधनासाठी म्हणून एक खोली असते. भिंतीला लागून लोखंडी कपाटं, त्यांत जाडजूड बॉक्स फायली, आणि एका टेबलाशी चाचणीचं सगळं वेळापत्रक सांभाळणारी कोऑर्डिनेटर. एखादी चाचणी संपून काही महिने उलटले की या खोलीत एक पाकीट येतं. आत एक सीडी किंवा पेनड्राइव्ह, आणि सही करून परत पाठवायची पोचपावती. पासवर्ड मात्र पाकिटात नसतो, तो वेगळ्या ईमेलने येतो. एवढ्या बंदोबस्तात आलेला पेनड्राइव्ह उघडून बघावा तर आत काय? याच रुग्णालयाने, याच खोलीत बसून, गेली तीन-चार वर्षं भरलेली माहिती.

जी माहिती इथेच लिहिली गेली, ती सातासमुद्रापलीकडून कुरिअरने परत का यावी? आणि ती मिळाल्याची सही घेण्याइतकं तिच्यात आहे तरी काय?

केसपेपर ते सर्व्हर

उत्तरासाठी एका आकड्याच्या मागोमाग जाऊ. समजा, रक्तदाबाच्या नव्या गोळीची चाचणी चालू आहे. चाचणीचा खर्च उचलणारी आणि तिची जबाबदारी घेणारी कंपनी म्हणजे ‘स्पॉन्सर’. जिथे रुग्ण तपासले जातात ते रुग्णालय म्हणजे ‘साइट’, आणि तिथले जबाबदार डॉक्टर म्हणजे ‘इन्व्हेस्टिगेटर’. मोठ्या चाचणीत अशा शे-दोनशे साइट असतात, आणि त्या अनेक देशांत विखुरलेल्या असतात.

रुग्ण ठरल्या दिवशी येतो. डॉक्टर रक्तदाब मोजतात आणि केसपेपरवर लिहितात. एखादी गोष्ट सर्वांत आधी जिथे टिपली जाते त्या कागदाला या क्षेत्रात ‘सोर्स’ म्हणतात. ईसीजीची पट्टी, लॅबचा रिपोर्ट, रुग्णाने घरी भरलेली डायरी, हे सगळं सोर्स. मूळ कागद रुग्णालयातच राहतात. त्यानंतर कोऑर्डिनेटर लॅपटॉप उघडते आणि त्या भेटीचे आकडे एका वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये भरते. या व्यवस्थेला ‘ईडीसी’ म्हणतात. तिथे रुग्णाचं नाव नसतं, फक्त एक क्रमांक असतो. कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी फक्त साइटकडे असते. स्पॉन्सरच्या हाती ती जाऊ द्यायची नसते.

खरी मेख पुढे आहे. कोऑर्डिनेटरने ‘सेव्ह’ दाबलं की तो आकडा स्पॉन्सरने भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर जाऊन बसतो, आणि तो सर्व्हर बहुधा दुसऱ्याच देशात असतो. रुग्णालयाकडे उरतं ते फक्त लॉगिन. चाचणी संपली, ईडीसीचा करार संपला, की तेही बंद.

कागदाच्या काळी हा प्रश्नच नव्हता. तेव्हाचे फॉर्म एकाखाली एक जोडलेल्या तीन प्रतींचे असत. वरच्या कागदावर लिहिलं की खाली आपोआप उमटायचं. वरची प्रत कंपनीला जायची आणि एक रुग्णालयाच्या फायलीत राहायची. प्रत जपायला कोणाला मुद्दाम काही करावं लागत नव्हतं. संगणक आले, काम झटपट झालं, चुका तिथल्या तिथे पकडता येऊ लागल्या. पण या सोयीच्या नादात खालची प्रत कुठे गेली, इकडे बराच काळ फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही.

प्रत मागणारे कोण?

लक्ष गेलं ते नियामकांचं. अमेरिकेच्या एफडीएने इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांचे नियम १९९७ मध्येच केले होते. युरोपच्या औषध संस्थेने, म्हणजे ईएमएने, २०१० मध्ये चाचण्यांतल्या इलेक्ट्रॉनिक नोंदींवर एक टिपण काढलं आणि इन्व्हेस्टिगेटरचा आपल्या माहितीवरचा ताबा सुटता कामा नये, असं त्यात बजावलं. एफडीएने २०१३ मध्ये तशाच अर्थाच्या सूचना दिल्या. औषध चाचण्यांची जी जागतिक नियमावली ‘आयसीएच-जीसीपी’ म्हणून ओळखली जाते, तिच्या २०१६ च्या दुरुस्तीत तर हे रोखठोक आलं: साइटने भरलेल्या माहितीवर एकट्या स्पॉन्सरचा ताबा असू नये.

कारण उघड आहे. गोळी चालली की कंपनीला हजारो कोटी मिळणार. निकालात ज्याचा एवढा जीव अडकलाय, आकड्यांची एकमेव वही त्याच्याच कपाटात ठेवायची का? कंपनी प्रामाणिक असेलही, बहुतेक असतातच. पण तिने उद्या म्हटलं की ‘आमच्या डेटाबेसमध्ये असंच आहे’, तर ते पडताळून बघायला दुसरीकडे काहीतरी हवं.

कच्च्या नोंदींत काय दडलेलं असू शकतं याचा नमुना म्हणजे ‘स्टडी ३२९’. किशोरवयीन मुलांच्या नैराश्यावर पॅरॉक्सेटिन हे औषध दिलेली ही चाचणी. मुलं २७५. औषध परिणामकारक आहे आणि मुलांना सोसतं, असा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे संशोधकांच्या एका स्वतंत्र गटाने मूळ माहिती नव्याने तपासली. त्यासाठी रुग्णांचे फॉर्म बघावे लागले, आणि ते होते सुमारे ७७,००० पानं. ती पानं त्यांना कंपनीच्या व्यवस्थेतून, दुरून, एका पडद्यावरच बघता येत होती. २०१५ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष आला: औषधाचा उपयोग दिसत नाही, आणि आत्महत्येच्या विचारांसारखे अपाय मात्र वाढलेले दिसतात. पहिल्या लेखात ते पुरेसे उतरले नव्हते. एवढी उलथापालथ झाली ती नव्या चाचणीने नव्हे, जुने फॉर्म पुन्हा वाचून.

अर्थात कंपनी तेवढी संशयित आणि रुग्णालय धुतल्या तांदळासारखं, असाही हा मामला नाही. गुडघा बदलल्यानंतर रक्तात गुठळ्या होऊ नयेत म्हणून द्यायच्या रिव्हारॉक्साबॅनची ‘रेकॉर्ड-४’ ही चाचणी एफडीएने एकूणच भरवशाची मानली नाही. निरीक्षकांना ज्या गोष्टी आढळल्या त्यांत साइटवर वैद्यकीय नोंदी टाकून दिल्या जाणं हीही होती. आपल्याकडे हैदराबादच्या जीव्हीके बायोसायन्सेसमध्ये फ्रान्सच्या नियामक संस्थेने २०१४ मध्ये तपासणी केली, तेव्हा जेनेरिक औषधांच्या अभ्यासांतल्या ईसीजींमध्ये बनवाबनवी दिसली. त्यावरून ईएमएने जानेवारी २०१५ मध्ये सुमारे ७०० औषधांची युरोपातली विक्री-परवानगी स्थगित करण्याची शिफारस केली. त्या औषधांनी कोणाला अपाय झाल्याचा पुरावा नाही, असंही ईएमएने सोबत सांगितलं होतं. मुद्दा एवढाच की चोरी पकडली गेली ती जपून ठेवलेल्या जुन्या ईसीजींवरून.

म्हणून दोन्हीकडे प्रत. कोणा एकाच्या शब्दावर विसंबायचं नाही.

सातबारा आणि फेरफार

पाकिटात नुसते अंतिम आकडे पाठवले तर ते जवळजवळ निरुपयोगी असतात. का, ते गावाकडच्या कोणालाही चटकन कळेल. सातबाऱ्यावर आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. पण ती त्याच्या नावावर आली कशी, वारसाने की खरेदीने, कधी, कोणी नोंद मंजूर केली, हे बघायला फेरफार काढावा लागतो. उताऱ्यावर जुनं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात आणि फेरफाराचा क्रमांक लिहितात. भांडण कोर्टात गेलं की वकील पहिल्यांदा फेरफारच मागतो.

ईडीसीत याच फेरफाराला ‘ऑडिट ट्रेल’ म्हणतात. समजा कोऑर्डिनेटरने १२० ऐवजी चुकून २१० भरलं. संगणक लगेच विचारतो, ‘आकडा जास्त वाटतो, तपासता का?’ या प्रश्नाला ‘क्वेरी’ म्हणतात. कधी ती संगणक काढतो, कधी स्पॉन्सरचा माणूस, ज्याला ‘मॉनिटर’ म्हणतात, केसपेपर शेजारी ठेवून ताडून बघतो आणि काढतो. कोऑर्डिनेटर केसपेपर बघते आणि १२० करते. पण २१० पुसलं जात नाही. आधी काय होतं, नंतर काय झालं, कोणाच्या लॉगिनने, कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या कारणाने, हे सगळं कायम राहतं.

आता तपासनीस पाच वर्षांनी आला आणि त्याला दिसलं की एकाच दिवशी, रात्री अकरा वाजता, चाळीस रुग्णांचे रक्तदाब बदलले गेलेत, तर तो पुढचा प्रश्न विचारणारच. बदल बरोबर असूही शकतील, पण प्रश्न विचारता यायला हवा. ऑडिट ट्रेलशिवाय आलेलं पाकीट म्हणजे फेरफाराशिवायचा सातबारा. ते नाकारायचा हक्क साइटने वापरावा असं मला वाटतं. प्रत्यक्षात घाईगर्दीत पोचपावतीवर सही होऊन जाते.

कुलूप, मग पाकीट

सगळ्या क्वेरी मिटल्या की इन्व्हेस्टिगेटर प्रत्येक रुग्णाच्या फॉर्मवर इलेक्ट्रॉनिक सही करतो. त्यानंतर डेटाबेसला कुलूप लागतं. ‘डेटाबेस लॉक’ झाला की सहजी कोणाला काही बदलता येत नाही. कोणाला खरी गोळी मिळाली आणि कोणाला दिसायला तशीच पण औषध नसलेली, ते रहस्य साधारणतः यानंतरच उघडतं. मग संख्याशास्त्रज्ञ आपलं काम सुरू करतात, आणि दुसरीकडे साइटच्या प्रती तयार होऊ लागतात.

ऐकायला हे ‘डाउनलोड करा आणि पाठवा’ इतकंच वाटतं. अवघड भाग असतो वाटणीचा. दोनशे साइटच्या चाचणीत दोनशे वेगळी पाकिटं हवीत. पुण्याच्या पाकिटात फक्त पुण्याचे रुग्ण. तिथे चुकून पोलंडच्या साइटचा एक रुग्ण आला तरी तो गोपनीयतेचा भंग. एखादा रुग्ण मध्येच मुंबईहून नाशिकला राहायला गेला आणि त्याची साइट बदलली असेल, तर पहिल्या चार भेटी एकीकडे भरलेल्या आणि पुढच्या दुसरीकडे. त्याची प्रत कोणाला? असे रुग्ण मोजकेच असतात, पण सगळी डोकेदुखी त्यांचीच. शिवाय रुग्णाने मोबाइलवर भरलेल्या डायऱ्या आणि मध्यवर्ती प्रयोगशाळेचे रिपोर्ट बहुधा ईडीसीच्या बाहेर, वेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर असतात. त्यांची पाकिटं वेगळी येतात, किंवा कोणी आठवण केली नाही तर येतच नाहीत.

चौकट: पाकिटात काय असावं?
प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र फाइल, भेटीनुसार मांडलेली. त्यात भरलेले सगळे फॉर्म, प्रत्येक बदलाचा ऑडिट ट्रेल, क्वेरी आणि त्यांची उत्तरं, डॉक्टरांच्या सह्यांच्या तारखा. सोबत आत किती रुग्ण आणि किती फायली आहेत याची यादी, फायली बदलल्या नाहीत हे तपासायचा कोड आणि पोचपावती. सहीआधी साइटने निदान दोन-चार रुग्णांच्या फायली उघडून केसपेपरशी ताडाव्यात.

वीस वर्षांनी उघडेल का?

डेटाबेस जसाच्या तसा पाठवला तर तो वाचायला तेच सॉफ्टवेअर लागेल, आणि वीस वर्षांनी ते असेलच असं नाही. म्हणून साइटची प्रत बहुधा पीडीएफमध्ये असते, आणि काळजीपूर्वक काम करणारे ‘पीडीएफ/ए’ वापरतात. दीर्घकाळ जपायच्या कागदपत्रांसाठी २००५ मध्ये ठरलेला हा आंतरराष्ट्रीय नमुना. त्याची अट अशी की पान दाखवायला जे जे लागतं ते सगळं फाइलच्या आतच हवं. अक्षरांचे फॉन्टसुद्धा आत, बाहेरच्या कशावर अवलंबून राहायचं नाही. गंमत म्हणजे पीडीएफ/ए फाइलला पासवर्ड लावायला मनाई आहे. पासवर्ड हरवला तर जपलेली फाइल असून नसल्यासारखी. म्हणून कुलूप फाइलला न लावता पेनड्राइव्हला लावतात.

फाइल वाटेत बदलली नाही हे कसं कळणार? त्यासाठी ‘एसएचए-२५६’ नावाची गणिती रीत आहे. फाइल केवढीही असो, तिच्यावर ही आकडेमोड केली की ६४ अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. आत फक्त १२० चं १२१ केलं, तरी ती ओळ ओळखू न येण्याइतकी बदलते. त्या ओळीवरून उलट जाऊन फाइल बनवता येत नाही, आणि तीच ओळ देणारी दुसरी फाइल घडवणं आजवर कोणाला जमलेलं नाही. स्पॉन्सर ही ओळ पाठवतो, साइटने आपल्या संगणकावर तीच आकडेमोड करायची. ओळी जुळल्या तर फाइल तीच.

पीडीएफचा तोटाही मोठा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. डेटाबेसमध्ये ‘रात्री दहानंतर केलेले सगळे बदल दाखव’ असं विचारता येतं. पीडीएफमध्ये आठ हजार पानं चाळावी लागतात. माहिती सगळी आहे, पण तिला प्रश्न विचारता येत नाही. ऑडिट ट्रेल सोबत साध्या तक्त्याच्या रूपातही द्यायला काही फार खर्च येत नाही. तरी तो न देण्याकडेच कल दिसतो.

आणि क्रम महत्त्वाचा. आधी प्रत पोचली पाहिजे, साइटने ती उघडून बघितली पाहिजे, पावती परत गेली पाहिजे, आणि मगच लॉगिन बंद व्हायला हवं. क्रम उलटा झाला, तर मधले काही आठवडे माहितीवर एकट्या स्पॉन्सरचा ताबा असतो. नियमांना नको असलेली स्थिती ती हीच.

तळघरातल्या फिती

एवढा खटाटोप न केल्यास काय होतं, याचं उत्तर मिनेसोटात आहे. तिथे १९६८ ते १९७३ या काळात आहाराची एक मोठी चाचणी झाली. एक वृद्धाश्रम आणि सहा सरकारी मनोरुग्णालयं, ९,००० हून अधिक माणसं. तूप-लोण्यासारख्या स्निग्धांऐवजी मक्याचं तेल दिलं तर हृदयविकार कमी होतो का, हा प्रश्न. चाचणीचे निकाल १९८९ मध्ये अर्धवटच प्रसिद्ध झाले. पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले ख्रिस्तोफर रॅम्सडेन मूळ माहिती शोधू लागले. चाचणीचे एक प्रमुख इव्हान फ्रान्झ तोवर वारले होते. त्यांचे चिरंजीव, स्वतः हृदयरोगतज्ज्ञ असलेले रॉबर्ट फ्रान्झ, यांना घराच्या तळघरात जुने कागद आणि संगणकाच्या चुंबकीय फिती सापडल्या. फिती वाचणारी यंत्रं तोवर दुर्मीळ झालेली. माहिती कशीबशी वाचली गेली आणि २०१६ मध्ये ‘बीएमजे’त निष्कर्ष आले: तेलाने कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. शवविच्छेदनाच्या काही फायली तर सापडल्याच नाहीत.

या निष्कर्षाचा अर्थ काय लावायचा यावर आहारतज्ज्ञांचे वाद आहेत, ते असू देत. हजारो माणसांनी वर्षानुवर्षं दिलेली माहिती एका कुटुंबाने तळघर साफ केलं नाही म्हणून वाचली, हे मला जास्त अस्वस्थ करतं.

लांब चालणाऱ्या चाचण्या आपल्याकडेही झाल्या आहेत. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ मध्ये स्तनांच्या साध्या हाताने करायच्या तपासणीची चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रिया त्यात होत्या, आणि तिचे वीस वर्षांचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये फ्लॉपी वापरात होती. मधल्या काळात माहिती ठेवायची साधनं कितीदा बदलली याचा हिशेब वाचकांनीच करावा.

किती वर्षं, आणि किल्ली कोणाकडे?

प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं. युरोपच्या कायद्यानुसार चाचणीची मुख्य फाइल ती संपल्यापासून किमान २५ वर्षं ठेवायची. कॅनडातही पूर्वी मुदत २५ वर्षं होती, २०२२ मध्ये ती १५ वर आली. अमेरिकेत इन्व्हेस्टिगेटरने औषधाला मंजुरी मिळाल्यापासून २ वर्षं. भारतात २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीवर नैतिक देखरेख ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीने आपल्या नोंदी चाचणी संपल्यावर ५ वर्षं ठेवायच्या. चाचणी अनेक देशांची असेल तर यांतली सर्वांत लांब मुदत करारात लिहिली जाते आणि तीच पाळावी लागते. अमेरिकी पद्धतीच्या मुदतीत आणखी एक पेच आहे: मंजुरी कधी मिळाली हे साइटला परस्पर कळत नाही, ते स्पॉन्सरने लेखी कळवायला हवं. म्हणून अनुभवी कोऑर्डिनेटर स्पॉन्सरचं पत्र हातात आल्याशिवाय एकही कागद रद्दीत घालत नाहीत.

तोवर पावसाळे जातात. कागदाला वाळवी आणि दमट हवा, सीडीला बुरशी. आणि हल्लीच्या लॅपटॉपला सीडीचा खण नसतोच. डॉक्टर निवृत्त होतात, दुसऱ्या रुग्णालयात जातात, तेव्हा फायलींची जबाबदारी कोणाकडे गेली हे लेखी कळवायचं असतं. जागा अपुरी म्हणून हल्ली फायली शहराबाहेरच्या खासगी गोदामात ठेवतात, आणि भाडं बहुधा स्पॉन्सरच भरतो. तिथे एक बारीक पण कळीची अट येते. भाडं स्पॉन्सरने भरलं तरी खोकं उघडायचा अधिकार साइटचाच राहिला पाहिजे, कारण त्या खोक्यात संमतिपत्रं आहेत आणि त्यांवर रुग्णांची नावं-सह्या आहेत. करार गोदाम आणि स्पॉन्सर या दोघांतच झाला आणि साइट त्यात नसली, तर नावांची यादी जपण्याची सगळी कसरत वाया.

ती यादी पेनड्राइव्हमध्येही नसते. पंधरा वर्षांनी एखाद्या गोळीचा नवा दुष्परिणाम समोर आला आणि ती घेतलेल्या माणसांना कळवायचं ठरलं, तर स्पॉन्सरकडे फक्त क्रमांक असतील. कोणत्या क्रमांकाच्या रुग्णाला काय दिलं ते तो सांगू शकेल. पण तो रुग्ण कोण आणि कुठल्या गावचा, हे कळायला त्या रुग्णालयातली यादी लागेल. लहान मुलांच्या लसींच्या चाचण्यांना तर मंजुरीनंतरची दोन वर्षं मला हास्यास्पदच वाटतात. मूल तोवर लहानच असतं. त्या यादीची मुदत मूल सज्ञान होऊन पुढे काही वर्षं तरी असावी, आणि ती देशाच्या नियमातच लिहिलेली असावी. आज आपल्याकडे ती बरीचशी त्या त्या कंपनीच्या करारावर सोडलेली आहे.